रुसक्याचं रान

"हा दगड कुणी लावला?" तांबोळी साहेबांनी विचारलं.

मातीच्या तपासणीसाठी खड्डा खणायला आलेली आम्ही गावातली पाच-सहा माणसं होतो. साहेब गुडघ्यांवर बसले. दगडाच्या बुडाशी भेग पडली होती, तिच्यात त्यांनी हात घातला तो पार कोपरापर्यंत आत गेला. उठले तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला होता, की जावई दारात आला म्हणून सासूचाही खुलत नाही.

"दरवर्षी कलतो का हा?"

"कलतो की," रखमाजी बप्पा म्हणाले आणि लगेच आपण काहीतरी सांडलं असं वाटून उपरण्यानं तोंड पुसायला लागले.

"मग खड्डा इथंच घ्यायचा. अगदी इथं. अशीच जागा शोधत होतो मी."

"तिथं नको," अक्का म्हणाली.

ती सगळ्यांत मागं उभी होती, हातात कुदळ घेऊन. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग बाकीच्यांकडं पाहिलं. सगळे डोंगराकडं बघत होते. बालाघाटाचा तो डोंगर जन्मापासून बघत आलेली माणसं, पण त्या दिवशी जणू कुणीतरी नवा आणून ठेवला होता.

"बरं," साहेब म्हणाले. "थोडं खाली घेऊ." का, म्हणून त्यांनी विचारलं नाही. त्या माणसाबद्दल मला पहिल्यांदा बरं वाटलं ते तिथं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन पिंपळगावात आले त्याच्या कितीतरी आधी तिला एक मूल झालं होतं. दहा दिवसांचं होऊन गेलं, म्हणजे बारशाच्या आधीच. लहान लेकराला जाळत नाहीत, म्हणून सासऱ्यांनी त्याला डोंगराच्या पायथ्याशी गायरानात नेऊन पुरलं आणि खूण म्हणून वर एक उभा दगड लावला. पुढच्या वर्षी आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जाऊन बघतात तर दगड कललेला. त्यांनी तो सरळ केला, बुडाशी गोटे ठोकले. पावसाळा सरला आणि दगड पुन्हा कलला. तोही ओढ्याच्या अंगाला, गावाकडं पाठ करून.

लेकरू रुसलंय, असं गाव म्हणायला लागलं. आईनं काहीतरी कमी केलं असणार, त्याशिवाय दहा दिवसांचं लेकरू असं पाठ फिरवून कशाला बसेल? त्या दगडाला सगळे रुसकं म्हणायचे. सासरे गेल्यावर दगड सरळ करायचं काम अक्काकडं आलं. ती दर आखितीला पाण्याची कळशी आणि पहार घेऊन जायची, दगड उभा करायची आणि तिथं बराच वेळ बसून यायची. तिला पुढं मूल झालं नाही. गावात कुठं बारसं असलं की अक्काला बोलावणं यायचं, पण ते भाकऱ्या थापायला. पाळण्याजवळ नाही.

आता माझ्या मांडीवर लेकरू होतं. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळं बाळंतपण सासरीच झालं. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, पण घरातली पुरुषमाणसं ऊसतोडीला गेलेली. ती येईस्तोवर होळी उलटली. माझ्या नवऱ्याला सख्खी बहीण नाही. आत्या नसली की बाळाच्या कानात नाव सांगायचा मान घरातल्या थोरल्या चुलतीचा. माझ्या मनात दुसरं कुणी नव्हतंच. अक्कानं मला या घरात चूल पेटवायला शिकवली, सासूसमोर रडायचं नाही हे शिकवलं, आणि रडायचं झालं तर कुठं जाऊन रडायचं तेही दाखवलं होतं.

मी सासूबाईंना तसं म्हणाले होते. बाळ पोटात असताना, आखितीच्या सुमाराला.

"आत्याबाई, नाव अक्काच ठेवतील ना?"

त्यांनी निवडायचं सूप खाली ठेवलं. "ह्या साली दगड सरळ राहू दे. मग ठेवू दे तिला नाव. तिचं रुसकं मनवल्याबिगर ती माझ्या नातवाच्या कानाला लागायची नाही."

त्या वर्षी अक्कानं दगड खोल रोवला. मला दिवस गेलेले, म्हणून मी नुसती बाजूला उभी होते. तिनं बुडाशी गोटे ठोकले, वर मुरूम ठोकला, पाणी घालून चोपलं. मला म्हणाली, "आता मोटार धडकली तरी हालायचा न्हाई." दिवाळीनंतर आम्ही गवत कापायला गेलो तेव्हा दगड कललेला होता. आदल्या वर्षीपेक्षा जास्त. अक्कानं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि गवत कापायला बसली. घरी आल्यावर सासूबाईंनी तिला विचारलं नाही, मला विचारलं. मी खरं सांगितलं. खोटं सांगून उपयोग नव्हता, तो दगड रस्त्यावरून दिसायचा.

म्हणून मग सासूबाईंनी माझ्या आष्टीच्या एका चुलत नणंदेला निरोप धाडला, आणि बारसं होईस्तोवर अक्कानं बाळाला हात लावायचा नाही असं ठरलं.

अशात हे मातीवाले साहेब आले. गायरानात कुठली माती आहे, तिच्यात गवत चांगलं होईल की झाडं की दोन्हीही नाही, हे सरकारला ठरवायचं होतं. बप्पांना तेवढं पटलं नव्हतं. माती चांगली निघाली की गायरान जाणार, या भीतीनं ते सकाळपासून साहेबांच्या मागं मागं फिरून मातीची निंदा करत होते.

"लई वंगाळ माती, साहेब. पावसाळ्यात पाय टाकला की चप्पल मागतीय. उन्हाळ्यात शेळीचा पाय अडकतोय भेगांत. काय कामाची न्हाई."

"बप्पा, अशीच सांगत राहा," साहेब म्हणाले. "मला तेच लिहायचंय."

बप्पांना कळेना की आपण जिंकलो की हरलो.

खड्डा खणायला दुपार झाली. वरचा थर भुसभुशीत, भाजलेल्या डाळीसारखा सुटा. खाली जाल तशी माती घट्ट, ढेकळं निघायची ती चौकोनी नाही, पाचरीसारखी. अक्का खड्ड्यात उतरून खणत होती, मी वर घमेली ओढत होते. बाळ बाभळीला बांधलेल्या झोळीत होतं. ते मध्येच किरकिरलं की अक्काची कुदळ थांबायची. मी झोळीपाशी पोचले की पुन्हा सुरू व्हायची. ती वर मात्र बघायची नाही.

माणूस उभा राहिला तर दिसणार नाही इतका खड्डा झाला तरी मुरूम लागेना. साहेब खूश होते. ते शिडीनं आत उतरले आणि त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. त्यात नुसत्या रंगांच्या टिकल्या चिकटवलेल्या. मातीचं ढेकूळ पानाला लावून ते एकेक टिकली बघायला लागले, थेट लुगड्यावर खण जुळवायला बसलेल्या बाईसारखे.

"साहेब, काळी हे," बप्पा वरून म्हणाले. "काळीच लिहा."

"काळ्यातही प्रकार असतात, बप्पा."

"आमच्या म्हशीतबी असत्यात. पण आम्ही तिला म्हैसच म्हणतोत."

मग साहेबांनी बाटलीतलं थेंबभर काहीतरी मातीवर टाकलं, ती फसफसली. चुना आहे म्हणाले. नंतर मूठभर माती भिजवून मळली आणि अंगठ्यानं पुढं सारत तिची पट्टी काढली. पट्टी निघता निघता बोटावरून लोंबायला लागली, तरी तुटेना.

"गव्हाला एवढा चिकटपणा असता तर," मी म्हणाले, "शेवया करताना आमच्या बायकांची भांडणं झाली नसती."

अक्का हसली. कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभी होती ती. बऱ्याच दिवसांनी हसली होती.

"हे बघा," साहेब म्हणाले. त्यांनी खड्ड्याच्या भिंतीतून एक ढेकूळ अलगद सोडवलं. त्याची एक बाजू चमकत होती. घासून काढलेल्या परातीसारखी गुळगुळीत, वर तिरक्या बारीक रेघा. "हे कुणी घासलं सांगा."

"कुदळीनं," अक्का म्हणाली.

"कुदळ लागली नाही तिथं. मातीनंच घासलंय. पाऊस पडला की ही माती पाणी पिऊन फुगते. फुगलं की जागा लागते. बाजूला सरकावं तर तिथली मातीही फुगलेली. मग एक गठ्ठा दुसऱ्याच्या अंगावर घासत तिरका वर चढतो. उन्हाळ्यात सगळं आकसतं, भेगा पडतात, आणि वरची सुटी माती भेगांतून खाली जाते. पुढच्या पावसात पुन्हा तेच. वरचं खाली, खालचं वर. आम्ही हिला उलटणारी माती म्हणतो. जित्राब असतं तशी असते ही. कूस बदलत राहते."

बप्पांना हे पटलं नव्हतं. "मातीनं कूस बदलली तर आम्हाला कळलं नसतं का? आम्ही हितंच झोपतोत."

साहेबांनी भिंतीतून आणखी काहीतरी खरवडून काढलं आणि तळहातावर ठेवून वर धरलं. हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा होता. खड्ड्याच्या पार बुडाजवळून निघालेला.

"एवढ्या खोल ही कुणी पुरली?"

कुणी कशाला पुरेल? गवत कापताना बायकांच्या बांगड्या फुटतात, तुकडे तिथंच पडतात. आम्ही सगळ्याजणी तो तुकडा बघत राहिलो.

"भेगेतून गेली," साहेब म्हणाले. "आणि खालचे गोटे असेच वर येतात. या मातीत काही उभं केलं तर ते सरळ राहत नाही. विजेचे खांब बघा, कुंपणाचे डांब बघा. आणि इथं उतार आहे, म्हणून सगळं ओढ्याच्या बाजूला कलणार."

अक्कानं कुदळ भिंतीला टेकवली.

"किती बी ठोकलं तरी?" तिनं विचारलं.

"कितीही ठोकलं तरी. जास्त खोल रोवला तर उलट माती त्याला जास्त धरते आणि जास्त ढकलते."

"आन् कुणी लावला, त्याच्यावर काही असतं का?"

"कुणीही लावू द्या, बाई. तहसीलदारानं लावला तरी कलणार."

अक्कानं मान हलवली. एखाद्या कामाची पद्धत समजून घ्यावी तशी. मला वाटलं आता ती वर येईल. पण ती तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, "आन् खाली ठेवलेलं?"

साहेबांना समजायला क्षणभर लागला. त्यांनी वर कललेल्या दगडाच्या दिशेनं पाहिलं, मग तिच्याकडं. हातातलं ढेकूळ त्यांनी हळूच खाली ठेवलं.

"किती वर्षं झाली?"

"लई झाली."

"लहान होतं?"

"दहा दिसांचं."

साहेबांनी बोटांची माती पुसली. खोटं बोलायचं की नाही हे ठरवत असावेत. मग म्हणाले, "एवढ्याशा जिवाची मातीच होते, बाई. आणि माती इथं एका जागी राहत नाही."

"म्हंजी मी बसते तिथं न्हाई ते."

"तिथंही असेल."

"आन् कुठं?"

साहेबांनी हात नुसता वर केला आणि फिरवला. ओढ्यापासून डोंगराच्या पहिल्या कातळापर्यंत. सगळं गायरान त्या हाताखालून गेलं. वाळलेलं पिवळं गवत, दोन-चार बाभळी, चरणारी गुरं. अक्का खड्ड्यात होती, तिला ते काहीच दिसत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर फक्त भिंत होती. तिनं त्या भिंतीला तळहात लावला आणि तसाच ठेवला.

"दोष गेला म्हणायचा," मागून आवाज आला. "सोपं हाय. सायबानं माती हुंगली आन् दोष गेला."

सासूबाई भाकरी घेऊन आल्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या कुणास ठाऊक. डोक्यावरची पाटी त्यांनी उतरवली नव्हती.

"दोष नव्हताच, आजी," साहेब म्हणाले.

"तुमच्या कागदात नसल. आमच्यात हाय." त्यांनी पाटी बाभळीखाली ठेवली. "जेवून घ्या. निवतंय."

कुणी वाद घातला नाही. सासूबाईंशी वाद घालायचा तर आधी जेवून घ्यावं लागायचं. आम्ही सगळे सावलीत बसलो. साहेबांनी भाकरीवर ठेचा घेतला, पहिल्या घासालाच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बप्पांना दिवसभरात पहिल्यांदा समाधान वाटलं. अक्का आमच्यापासून जरा लांब बसली होती. झोळीपासूनही लांब.

जेवण झाल्यावर साहेबांनी पेन्सिल काढली.

"आता एकच राहिलं. प्रत्येक मातीला नाव द्यावं लागतं. जिथं ती पहिल्यांदा नीट बघितली त्या जागेचं. मग राज्यात कुठंही अशीच माती सापडली की तिला तेच नाव. गावाचं नाव पिंपळगाव ना?"

"पिंपळगाव."

"ते झालं. पिंपळगाव नावाची माती आधीच आहे. पिंपळगावं काय कमी आहेत का? या शिवाराचं नाव काय?"

"गायरान," बप्पा म्हणाले.

"ते तर प्रत्येक गावाला असतं. ओढ्याचं?"

"ओढ्याला आम्ही ओढाच म्हणतोत. एकच तर हाय, नाव कशाला?"

साहेब पेन्सिल कानाला लावून बसले. बप्पांना गावाची अब्रू गेल्यासारखं वाटलं असावं. "तसं ह्या कोपऱ्याला एक नाव हाय," ते म्हणाले. "रुसक्याचं रान."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण साहेबांनी ते ऐकलं होतं. "रुसक्याचं. रुसकं," ते स्वतःशी म्हणाले. "वेगळं आहे. दुसरीकडं कुठं नसणार." आणि त्यांनी पेन्सिल कागदावर टेकवली.

"ते नका लिहू," अक्का म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. पण ती उठून उभी राहिली होती, आणि सासूबाई बसलेल्या असताना ती सहसा अशी उभी राहून बोलायची नाही.

"रुसकं नव्हती ती. पोरगी होती. राही नाव हाय तिचं."

मला या घरात येऊन चार वर्षं झाली होती. ते लेकरू, ते गेलं, ते रुसलं, एवढंच मी ऐकत आले होते. मुलगा की मुलगी हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. मनाशी मुलगाच धरून चालले होते.

सासूबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. "नाव?" त्या म्हणाल्या. "बारसं झालं नव्हतं. नाव कुठून आलं?"

"मी ठेवलं."

"कधी?"

"पोटात व्हती तवाच. पोरगी झाली तर राही, असं."

"मला सांगितलं न्हाईस."

"तुम्ही म्हणालात, गेलेल्याचं नाव घेऊ नका, जीव अडकतो. म्हणून न्हाई घेतलं. एकटी असले की घेते. दगडापाशी."

सासूबाई अक्काकडं बघत राहिल्या, जणू इतक्या वर्षांत ही सून घरात कुठं बसायची तेच त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी भाकरीचं फडकं झटकलं, घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घडी घातली.

"साहेब," बप्पा म्हणाले. "राही लिहा. आम्ही उगंच काहीबाही म्हणत व्हतोत."

साहेबांनी विचारलं, "राही? र ला काना, ह ला दुसरी वेलांटी?"

"मला काय ठावं," अक्का म्हणाली. "म्हणताना राही म्हणायचं."

त्यांनी लिहिलं. मग मोठ्यानं म्हणून दाखवलं, एखादं गाऱ्हाणं नोंदवल्यावर वाचून दाखवतात तसं. राही माती. अतिशय खोल, चिकण, चुना असलेली, डोंगरपायथ्याच्या उतारावरची, उलटणारी. गवतासाठी उत्तम, नांगरटीसाठी अवघड. गायरान म्हणूनच ठेवावी.

सासूबाई उठल्या आणि पाटी डोक्यावर घेऊन निघाल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत, अक्काशी बोलल्या नाहीत. त्या संध्याकाळी नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. त्यांच्या न बोलण्याचे बरेच प्रकार होते आणि मला ते सगळे ओळखता यायचे. हा मात्र माझ्या ओळखीचा नव्हता.

बारशाला अंगण भरलं होतं. आष्टीची आत्या कडक इस्त्रीचं पातळ नेसून आली होती आणि बसताना घडी मोडू नये म्हणून उभीच होती. पाळण्याला फुगे बांधले होते. नाव भास्कर ठरलं होतं. अक्का आत चुलीपाशी घुगऱ्या शिजवत होती. मी तिला दोनदा बाहेर बोलावलं, दोन्ही वेळा तिनं पळी हलवून नको म्हटलं.

बायकांनी बाळाला पाळण्याखालून वरून फिरवलं, पाळण्यात ठेवलं. आत्या पदर सावरून पुढं झाली, कानात कुर्र करायला वाकली.

"थांब गं," सासूबाई म्हणाल्या.

"काय झालं, काकू?"

"नाव ठेवणारी येऊ दे." त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड केलं. "थोरले, हात धू."

आतून पळीचा आवाज थांबला. अक्का दाराच्या चौकटीत आली. हातातून पाणी गळत होतं.

"मी?"

"तूच. तुला नाव ठेवायची सवय हाय. कुणाला न विचारता ठेवतीस."

आष्टीच्या आत्यानं माझ्याकडं पाहिलं, मी मान खाली घातली. माझा चेहरा तेव्हा कुणी बघण्यासारखा नव्हता. आत्या बाजूला झाली. अक्कानं हात पदराला पुसले. एकदा पुसले, मग पुन्हा पुसले. पाळण्याजवळ आली. जन्मल्यापासून तिनं त्या बाळाला लांबूनच पाहिलं होतं. आता जवळ आल्यावर कुठून वाकावं हेच तिला सुचेना. मग डाव्या हातानं पाळण्याची दोरी धरली आणि ती त्याच्या कानाशी वाकली.

नाव तीनदा सांगायचं असतं. त्याला कितीसा वेळ लागतो? ती वाकूनच राहिली. ओठ हलत होते, पण आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता. बायकांमध्ये चुळबुळ सुरू झाली.

"झालं ना?" आत्यानं हळूच विचारलं.

"गप," सासूबाई म्हणाल्या. "अजून सांगायलीय ती."